उजवा गुडघा आणि बैरा शहर

प्रिय एकता,

डावा नाही गो, उजवा. गेल्या रविवारी फोनवर तू मोठ्या मायेनं विचारलंस, "आजी, डावा गुडघा कसा आहे?" आणि मी बरा आहे म्हणाले, कारण डावा खरोखरच बरा आहे, त्या बिचाऱ्याला कधी काही झालंच नव्हतं. दुखतो तो उजवा. तिकडे आफ्रिकेत जाऊन तू पोर्तुगीज शिकलीस, भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ केल्यास, बैराच्या कुठल्या गल्लीत किती पाणी तुंबतं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. आजीला मेले दोनच गुडघे, त्यांतला कुठला ते तेवढं ध्यानात राहिलं नाही. असो. दोघांनाही तुझा निरोप पोचवला आहे.

आता तुला वाटेल, आठवड्यातून चारदा फोनवर बोलणारी म्हातारी पत्र कसलं पाठवते. त्याला कारण तूच. आपल्या वरच्या मजल्यावरची मीनल, ती पुण्याहून सिंगापूरला आलेली, इथं पाया लेबारला ऑफिसात जाते ती, तिनं मला मध्यंतरी लिफ्टमध्ये सांगितलं की हल्लीची पोरं आपण पाठवलेला आवाज दुप्पट वेगानं पळवून ऐकतात. आमची एकता असलं काही करायची नाही, असं मी ठसक्यात म्हटलं. ती म्हणाली, विचारून तर बघा. विचारलं, आणि तू नुसती हसलीस! म्हणजे मी इथं दम खात, आठवून आठवून बोलते, आणि तिकडे मी टिटवीसारखी टिवटिव करत निघून जाते. म्हणून हे पत्र. मला अक्षर येत नाही, तुझ्या आईला येतं. तुला येतं, पण लावत लावत, ओळीवर बोट ठेवून. तेच मला पाहिजे. तुझी आई कागदाचे फोटो काढून पाठवेल, पण हे काही तुला पळवता यायचं नाही. बस आता खुर्ची ओढून.

तुझी आई जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे आणि तिनं सोलायला घेतलेले मटार मी सोलते आहे. मघापासून दोनदा म्हणाली, "आई, हेसुद्धा लिहायचं?" सगळं लिही म्हटलंय, नाहीतर मटार परत तुझ्याकडे. लग्नात तुझ्या आजोबांनी माझं नाव सुलेखा ठेवलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की छान लिहिणारीला तसं म्हणतात. स्वतः चौथीपर्यंत गेलेला माणूस, पण हौस दांडगी. नाव मिळालं, पाटी काही मिळाली नाही. मी चिडवलं की ते म्हणायचे, तू बोलायचं बघ, अक्षर कुणाचंही चालेल. बघ, चाललंय.

बातमी म्हणशील तर आपल्या घरात सध्या एकच विषय आहे, आणि तो तू. तुझ्या त्या नाल्यांच्या कामावरच्या लोकांनी आणखी तीन वर्षं राहतेस का म्हणून विचारलं, महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय, हे तू सांगितल्यापासून तुझ्या बाबाचं जेवणात लक्ष नाही. कालवणात मीठ नव्हतं तरी जेवून उठला, मग मीच ओरडले. तो म्हणतो, तीन वर्षं म्हणून गेली होती, तीन झाली, आता परत यायचं. पाया लेबारला तुझ्याजोगी जागा आहे म्हणे, घरातून चालत जाता येईल, एमआरटीच्या गाडीत पाऊलसुद्धा ठेवायला नको. खाली जेवायला हॉकर सेंटर, वर एसी. ते सगळं इतक्या वेळा सांगतो की मलाच वाटायला लागलं, तिथं मीच नोकरीला लागते. मी मध्ये बोलले तर म्हणतो, "आई, ते शहर समुद्राच्या खाली आहे, समजतंय का? खाली!" मी म्हटलं, बाबा रे, तू रोज सकाळी तुआसला कामाला जातोस ती जमीन कुठं होती? तीपण खालीच होती ना, तुम्हीच वाळू टाकून टाकून वर आणलीत? तर म्हणाला, ते वेगळं. वेगळं म्हणजे एवढंच, की ते त्यानं स्वतः केलंय.

त्याचं खरं भय मला माहीत आहे. तू तिकडे गेलीस त्याच्या आधी ते मोठं वादळ झालं होतं ना, आख्ख्या बैराची छपरं उडाली होती, त्याची चित्रफीत त्याच्या फोनमध्ये अजून आहे. रविवारी तुझा फोन ठेवला की तो बाल्कनीत जाऊन ती बघतो. आवाज बंद ठेवून बघतो, म्हणजे आम्हाला कळू नये. पत्रे असे उडताहेत जसे कुणी पत्त्यांचा डाव उधळावा. त्याला बैरा म्हणजे तेवढंच. तुझ्याशी बोलतानाही तो शहराकडे बघत नाही, तुझ्या तोंडाकडे बघतो. बारीक झालीस का, डास चावलाय का.

मी मात्र ऐकते. कामावरून घरी चालत जाताना तू मला जे बोलून पाठवतेस ते मी सकाळी ईस्ट कोस्टच्या बाकावर बसून ऐकते. न पळवता, आहे त्या वेगानं. समोर जहाजं ओळीनं उभी असतात आणि कानात तू. त्यामुळे या घरात बैरा खरं कुणाला माहीत असेल तर मला.

पहिल्यांदा तू सांगितलंस की ते शहर दलदलीवर बसवलंय, तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, अरे पण कुणी सांगितलं होतं? बाजूचा सायकलवाला थांबून बघायला लागला. नदीचं मुख, त्यात एक वाळूची पट्टी, मागं चिखल, त्यावर पोर्तुगीजांनी झेंडा लावला आणि म्हणाले, झालं शहर. पत्र्याची घरं, तीपण खांबांवर, खालून भरती जायची. मग तर कमालच केली. सगळा मुलूख उचलून एका कंपनीला देऊन टाकला. पन्नास वर्षं कंपनीचे शिपाई, कंपनीचा कर, पाकिटावर तिकीटसुद्धा कंपनीचं. म्हणजे राजा कोण, तर दुकान. हे मी मीनलला सांगितलं तर ती म्हणाली, आजी, आमचंही तसंच आहे.

आणि त्या गाड्या! रस्त्यात वाळू एवढी की चाक रुतायचं, म्हणून रस्त्यातून रूळ घातले आणि रुळांवर बाकड्याएवढ्या गाड्या. साहेब छत्री लावून बसायचा आणि मागून दोन माणसं पळत ढकलायची. तू तो जुना फोटो पाठवला होतास, तो मी तुझ्या आईकडून मोठा करून घेतला. साहेबाच्या बुटाची नाडीसुद्धा दिसते त्यात. ढकलणारे मात्र अर्धेच आलेत, एकाचा तर नुसता हात आणि पाय. फोटो काढणाऱ्याला वाटलं असेल, गाडी आपोआप चालते.

रेल्वेचं सांगितलंस त्या दिवशी मात्र मी हसले नाही. बंदरापासून आत डोंगरापर्यंत, सगळी पाणथळ, माणसं तापानं जागच्या जागी पडत गेली. त्यांत आपल्या देशातून नेलेले मजूरही होते आणि त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, असं तू हळूच म्हणालीस. मी पुढचं ऐकलं नाही. बंद केलं आणि कोपी, आपली इथली कॉफी, मागवली. कुणाची तरी आई इकडे वाट बघत बसली असेल, असं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी उरलेलं ऐकलं.

सगळ्यात मला आवडतं ते हॉटेल. समुद्राकाठी राजवाड्यासारखं बांधलं, केवढे ते जिने, केवढा तो पोहायचा तलाव, आणि पाहुणे येईनात! थोड्या वर्षांत कुलूप. मग लढाई झाली, गावागावांतून माणसं पळून आली आणि त्यात राहायला लागली, ती आजतागायत. ज्यांना तेव्हा दारावरच्यानं आत पाऊल टाकू दिलं नसतं त्यांच्या नाती आता तिथल्या तलावावर लुगडी धुतात. लुगडी नसतात म्हणालीस, रंगीत कापडं गुंडाळतात, ती. हाल आहेत तिथं, वीज नाही, नळ नाही, तेही तू सांगितलंस, ते मी विसरले नाही. पण ज्या बाईनं वरच्या मजल्यावरच्या नाचायच्या दिवाणखान्यात संसार मांडला, ती चुलीशी बसल्यावर छताकडे बघत असेल का नाही, एवढं मला एकदा तिला विचारायचंय.

आणि बाजार! पहिल्या आठवड्यात तुला तिथली भाषा येत नव्हती आणि तू रडवेली होऊन आईला सांगितलंस की आज बाजारात जायचंय. संध्याकाळी बघते तर हीच एकता नाचतेय. का, तर भाजीवाली बटाट्याला बटाटा म्हणाली. पावाला पाव, काजूला काजू, अननसाला अननस, आणि साबण मागितला तर साबणच मिळाला. मला म्हणालीस, "आजी, ते आपली भाषा बोलतात!" मी म्हटलं, बाय माझे, त्यांच्याकडेही तेच पोर्तुगीज पाव्हणे येऊन बसले होते, जाताना सामान विसरून गेले. आपल्या कोकणात काय कमी विसरून गेले? आता मात्र सगळे म्हणतात आमचंच. हे सांगून मी हसले, पण खरं सांगू, त्या दिवसापासून मला ते शहर खाडीपलीकडच्या गावासारखं वाटायला लागलं. धक्क्याला होडी उभी असली तर जेवायच्या वेळेपर्यंत जाऊन यावं.

त्यात तुझी ती घरमालकीण अमेलियाबाई. पहाटे दारात कढई मांडते आणि चवळी वाटून तिची भजी तळते, पावात घालून विकते. भजीला म्हणतेही बाजिया. माझी तिची ओळख तूच फोनवर करून दिलीस आणि बिचारी मध्ये बसलीस भाषांतर करायला, पण आम्हाला तुझी गरज लागली नाही. तिनं चवळी धरून दाखवली. मी आत जाऊन आपल्या बरणीतली चवळी आणून दाखवली. मग तिनं मिरची दाखवली, बोटाएवढी, आणि डोळे मिटून दाखवलं की कशी लागते. मी ओवा दाखवला. तिनं नाक मुरडलं. मी तिच्या मिरचीला मुरडलं. झाली मैत्री. वादळात तिचं छप्पर गेलं ते शेजारणीच्या अंगणात सापडलं आणि कढई गेली ती पेरूच्या झाडावर, हे तिनं हातवारे करून असं सांगितलं की तुझी आई स्वयंपाकघरात हसून हसून खाली बसली. झाडावरून कढई काढली आणि ओल्या लाकडांवर आधी भजी तळली म्हणे, छप्पर मग. एकता, ज्या गावच्या बाया अशा आहेत ते गाव समुद्राच्या खाली असलं काय आणि वर असलं काय.

एक गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस. फोन संपताना अमेलियाबाई दर वेळी काहीतरी म्हणते, मला "वोवो, वोवो", म्हणजे त्यांच्याकडची आजी, अशी हाक मारते आणि शेजारची रिकामी खुर्ची थोपटते. मी विचारलं की तू म्हणतेस, "काही नाही आजी, अच्छा म्हणते." होय का? रिकामी खुर्ची थोपटून कुणी अच्छा म्हणतं का? मला अक्षर येत नाही गो, खुर्ची येते.

आता तुझ्या बाबाचं जरा नीट सांगते, म्हणजे तू त्याच्यावर रागावणार नाहीस. मागल्या पंधरवड्यात एका शनिवारी तो मला ईस्ट कोस्टला फिरायला घेऊन गेला. सुरूच्या झाडांखाली बसलो. मी म्हटलं, आपल्या गावच्या किनाऱ्यासारखं आहे ना रे? तर म्हणाला, आई, ही झाडं लावलेली आहेत, ही जमीनही टाकलेली आहे, आपण बसलोय तिथं पूर्वी पाणी होतं. मी पाय जरा वर घेतले. तो हसला, बऱ्याच दिवसांनी. मग मी त्याला म्हटलं, एकतानंही सांगितलंय, बैराच्या किनाऱ्यावर सुरूच आहेत, आणि एक पट्ट्यापट्ट्यांचा दीपस्तंभ, आणि त्याच्या पायाशी एक गंजलेलं जहाज वाळूत रुतून बसलंय, पोरं त्यावरून उड्या मारतात. त्याला हे काही ठाऊक नव्हतं. तीन वर्षांत त्यानं कधी विचारलंच नाही. मग चपलेनं वाळू उकरत म्हणाला, "तिला तिथं काय एवढं सापडलंय, आई?"

मी त्याला तुझी ती पावसाची गोष्ट ऐकवली. फोन त्याच्या कानाला लावला. तुझ्या नाल्याच्या तोंडावरचा तो दरवाजा, आपल्याकडे खाडीकाठच्या खाजणाच्या बांधाला असते तशी उघाडीच ती, भरती आली की आपली आपण मिटते आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडते. तुझे आजोबा, त्याचे अण्णा, दर वर्षी आपल्या बांधाची उघाडी दुरुस्त करायचे, गुडघाभर चिखलात, आणि खारं पाणी भाताला लागलं नाही की घरी येऊन शीळ घालायचे. त्या रात्रभरच्या पावसात तुझी वस्ती बुडाली नाही, सकाळी रस्ता कोरडा, आणि पोरं तुझ्यावर चिडली, कारण त्यांना पोहायला पाणीच नाही! ते सांगताना तू जे हसलीस ना, ते मी कितीदा ऐकलंय त्याला गणती नाही. बाबानं ऐकलं. फोन परत दिला. म्हणाला, "अण्णांसारखी हसते." आणि उठून माझ्यासाठी शहाळं आणायला गेला ते आणलंच नाही, नुसता हात हलवत परत आला.

त्याला अण्णा आठवले, मला तो स्वतःच आठवला. तो पहिल्यांदा इकडे यायला निघाला तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. त्याची आत्या, म्हणजे माझी नणंद, मला आदल्या दिवशी म्हणाली, वहिनी, डोक्याला ओलं फडकं बांधून पडून राहा, पोरगा थांबेल. मी पडले नाही. मी त्याला कुळथाचं पीठ, सुकट, आमसुलं, सगळं बांधून दिलं आणि एसटीत बसवून दिलं. रडलेही नाही. गाडी वळणाआड गेली, घरी आले आणि दिवसभर सुकट निवडत बसले. गावाला पुरेल एवढी निवडली. तुझ्या बाबाला अजून वाटतं की आईला तेव्हा काही वाटलं नाही. वाटलं नाही कसं? पण खिडकीत बसलेल्या त्या पोराच्या तोंडावर जे होतं ते बघून मला पडून राहाणं जमलं नसतं. तेच तोंड तुझं असतं, उघाडीचं सांगताना. फक्त तो त्या वेळी खिडकीच्या आत होता आणि आता बाहेर उभा आहे, म्हणून त्याला ते ओळखू येत नाही.

म्हणूनच तो मला गेल्या सोमवारी काय म्हणाला ते ऐकून हसू नकोस. मी पत्र सांगणार आहे हे त्याला कळलं. म्हणाला, आई, तुझं ती ऐकते. पत्रात जरा तब्येतीचं लिही. मी म्हटलं, काय लिहू? म्हणाला, बरं नाही म्हणून. मी म्हटलं, मला काय झालंय? म्हणाला, काहीतरी असेलच की या वयात. बघ, माझी नणंद जाऊन किती वर्षं झाली, तिचं ओलं फडकं सिंगापूरला पोचलं! पण तुझा बाबा सरळ माणूस. रोज सकाळी आपण वंदना घेतो, पंचशील म्हणतो, त्यात खोटं बोलणार नाही असं म्हणतो आणि मग चहा पितो. ते म्हणून झाल्यावर सकाळी नऊला पोरीला खोटं कसं कळवणार? त्याला ते जमेना. मी मजा बघत होते. दोन दिवस विचार करून त्यानं तोड काढली. खोटं लिहायचं नाही ना, मग खरा आजार शोधून काढू! एक दिवसाची रजा टाकली आणि मला तपासायला घेऊन गेला.

काय थाट सांगू. रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला, हृदयाला तारा लावल्या, डोळ्यांत उजेड टाकला. तुझी आई माझी चप्पल हातात धरून मागे मागे. तुझा बाबा बाहेर बाकावर, तोंड असं की त्यालाच तपासायला आणलंय. आतून एक तरुण चिनी डॉक्टरीण आली, एवढीशी, केसाला पेन खोचलेला. कागद बघितले, मला बघितलं, परत कागद बघितले आणि म्हणाली, "आंटी व्हेरी स्ट्राँग, लाह!" साखर नाही, दाब नाही, हृदय घड्याळासारखं. उजवा गुडघा तेवढा झिजलाय. उजवा! एका तासात परक्या मुलीच्या ध्यानात राहिलं बघ. मी तुझ्या बाबाकडे बघितलं. आनंद झाला होता बिचाऱ्याला, खरंच झाला होता, आईच आहे मी त्याची. पण पत्रात घालायला काही मिळालं नाही म्हणून चेहरा अर्धा उजळलेला, अर्धा पडलेला. मग त्यानं एक चूक केली. डॉक्टरणीला म्हणाला, आईला आणखी काही विचारायचं असेल तर विचारू दे.

आता हे पत्र कशाला ते ऐक. मी तुझ्या आईला म्हटलं, तिला विचार, मी विमानात बसू शकते का? तुझ्या आईनं इतक्या साळसूदपणे विचारलं की मला तिचा अभिमान वाटला. डॉक्टरीण म्हणाली, कॅन, का नाही, मधून मधून उठून चालायचं, एवढंच. कुठं जाणार, आंटी? मी स्वतः सांगितलं, आफ्रिका. बाबा उडालाच. म्हणाला, आई, तुला एकटीला कसं जमेल, जोहान्सबर्गला विमान बदलायचं असतं, पाट्या वाचाव्या लागतात! मी म्हटलं, तेच तर. मला अक्षर येत नाही. कुणीतरी वाचणारं सोबत पाहिजे, आणि तुझी रजा शिल्लक आहे. जन्मभर अक्षर आलं नाही त्याचा असा उपयोग होईल, असं वाटलं नव्हतं गो. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच तिकिटं काढून आणली आणि मला कडेची जागा मिळाली का हे तीनदा बघितलं. तर आम्ही पुढच्या महिन्यात येतो आहोत, पहिल्या आठवड्यात, थंडी आहे तोवर. तू मात्र आमच्यासाठी थांबू नकोस. महिनाअखेरीची वाट कशाला, हे वाचून झालं की तुझ्या लोकांना हो म्हणून कळव. तुझ्या बाबाला मी तुला परत आणायला नेत नाही, त्याला तुझी उघाडी दाखवायला नेते आहे. त्याला ओहोटीच्या वेळेला घेऊन जा, दार उघडताना दिसलं पाहिजे. त्यानं आयुष्यभर समुद्र अडवला आहे, शेजारी उभं राहून काहीबाही चुका काढेल, काढू दे. दोन चुका काढल्या की ते काम त्याचंही झालं. आणि अमेलियाबाईला सांग, खुर्ची पुसून ठेव, वोवो बसायला येते आहे. उंच असली तर बरं. उजव्या गुडघ्याचं तुला माहीत आहेच.

तुझीच,
बाकी सगळी ठणठणीत
आजी

ता. क. विमानतळावर तू येऊ नकोस, तुझं काम सोडू नकोस, गाडी पाठव. त्या गाडीतून अमेलियाबाईची चवळीची भजी पाठव, त्या सकाळी तळलेली, पावात घातलेली, मिरची वेगळ्या पुडीत. मी तुझ्या बाबाला विमानात फारसं खाऊ देणार नाहीये. त्यामुळे शहर बघायच्या आधी त्याच्या हातात पहिली भजी पडली पाहिजे. माझ्यासाठी दोन जास्त, आणि तिला सांग, या खेपेला ओवा घाल. मी पुडी घेऊन येते आहे, पण पहिल्या घाण्याला तिच्याकडचं जे काय असेल ते चालेल.